खरजेसाठी आयव्हरमेक्टिन: किती, कधी आणि कोणाला द्यायचं नाही

‘आयव्हरमेक्टिन १२, एक गोळी, रात्री.’ खरजेच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा एवढंच लिहिलेलं असतं. रुग्णाचं वजन लिहिलेलं नसतं, दुसऱ्या गोळीची तारीख नसते, घरात आणखी किती माणसं आहेत याची नोंद नसते. आठवडाभर बरं वाटतं आणि महिन्याभरात सगळं घर पुन्हा खाजवत बसतं. मग ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून दुसऱ्या कंपनीची तीच गोळी आणली जाते. औषध वाया जाण्यामागे बहुतेक वेळा वजन, तारीख किंवा वगळलेलं माणूस यांपैकी काहीतरी असतं, म्हणून या लेखाचा भर तिथेच आहे. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं आहे. खालचे आकडे चिठ्ठी लिहिणाऱ्याला, ती वाचणाऱ्याला आणि गोळ्या वाटणाऱ्याला पडताळून पाहता यावेत म्हणून दिले आहेत.

औषध नेमकं करतं काय

जपानच्या कितासातो संस्थेतल्या सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूपासून या औषधाची सुरुवात झाली. विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्यातून जनावरांसाठी आणि पुढे माणसांसाठी औषध घडवलं. २०१५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता.

किडे आणि कृमी यांच्या मज्जातंतूंत ग्लुटामेटने उघडणाऱ्या क्लोराइडच्या वाहिन्या असतात. औषध त्या उघड्याच ठेवतं, त्यामुळे किडा लुळा पडून मरतो. माणसाच्या शरीरात या वाहिन्या नाहीत. आपल्या मेंदूत जवळच्या जातीच्या वाहिन्या आहेत, पण रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो आणि तो हे औषध बाहेर फेकत राहतो. नेहमीच्या मात्रेत औषध सुरक्षित राहतं ते या पंपामुळे. कोली जातीच्या कुत्र्यांपैकी अनेकांत हा पंप जन्मतःच निकामी असतो, म्हणून माफक मात्रेनेही ते बेशुद्ध पडतात. माणसात असा दोष फार विरळा, पण २०२० साली फ्रान्समधल्या एका मुलात तो आढळला. नेहमीच्या मात्रेनंतर तो कोमात गेला आणि नंतर बरा झाला.

दुसरी गोष्ट अंड्यांची. खरजेची मादी कातडीत बोगदा करत रोज २-३ अंडी घालते. अंडी ३-४ दिवसांत फुटतात आणि पिल्लू १०-१४ दिवसांत प्रौढ होतं. आयव्हरमेक्टिन अंडी मारत नाही. रक्तातलं औषध साधारण दर १८ तासांनी निम्मं होतं, म्हणजे चौथ्या दिवशी ते जवळपास संपलेलं असतं. पहिल्या गोळीच्या वेळी अंड्यात असलेला किडा त्यामुळे सुखरूप बाहेर येतो. त्याला गाठायला दुसरी मात्रा ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान लागते: सगळी अंडी फुटलेली असावीत, पण नव्या माद्यांनी अंडी घालायला सुरुवात केलेली नसावी. चौदा दिवस उलटून गेले असतील तर ‘राहिलेली गोळी’ घेऊन भागत नाही. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी लागते.

आधी खरूजच आहे ना, ते बघा

रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कोणीतरी खाजवणारं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की संशय पक्का धरावा. मग जागा बघायच्या: बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवती, कमरेचा पट्टा, कुल्ले, बायकांमध्ये स्तनाग्रांभोवती, पुरुषांमध्ये लिंग आणि अंडकोषावर गाठी. मोठ्यांचा चेहरा सहसा सुटतो. तान्ह्या बाळांत मात्र तळहात, तळपाय, डोकं, चेहरा काहीच सुटत नाही. आरोग्य केंद्रात साधन काहीच नसेल तर शाईची चाचणी करता येते. संशयित जागेवर शाईपेनाने रंगवून स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. बोगदा असेल तर शाई आत शिरून बारीक नागमोडी रेघ उरते.

पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला ४-६ आठवडे लागतात, आधी कधी होऊन गेली असेल तर १-४ दिवसांत सुटते. म्हणजे ज्या भावाला ‘काहीच नाही’ तोही किडे बाळगून असू शकतो. हे घरच्यांना पटवणं हा उपचारातला सगळ्यात अवघड भाग.

फसगत सगळ्यात जास्त होते ती मेडिकलमधून आणलेल्या ‘तीन-चार औषधं एकत्र’ मलमांमुळे. त्यात स्टेरॉइड असतं. खाज कमी होते, पुरळ फिकट दिसतं, किडे मात्र मजेत वाढतात. असं मलम लावून आलेल्याला आधी ते बंद करायला सांगा आणि बोगदे अंगाच्या नेहमीच्या नसलेल्या भागांवरही शोधा. पू भरलेले फोड असतील तर त्यांचा उपचार त्याच भेटीत सुरू करायचा. खरजेवरच्या जंतुसंसर्गाने पुढे मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. चेहरा सुजला, लघवी लालसर झाली तर मुलाला लगेच दवाखान्यात न्या.

कोणाला ही गोळी नाही

१५ किलोपेक्षा कमी वजनाची मुलं, गरोदर स्त्रिया आणि बाळंतपणाच्या पहिल्या आठवड्यातल्या माता यांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. नंतरच्या काळात आईच्या दुधात औषध फार थोडं उतरतं, तेव्हा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. पाळी चुकली आहे का, हे विचारल्याशिवाय तरुण स्त्रीच्या हातात गोळी ठेवू नये.

या सगळ्यांसाठी ५ टक्के पर्मेथ्रिन मलम आहे. दोन महिन्यांपुढच्या बाळांना आणि गरोदर स्त्रियांना ते चालतं. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी गंधकाचं मलम वापरतात. पंचवीस टक्के बेन्झिल बेन्झोएट भयंकर चरचरतं आणि अर्धवट सोडून दिलं जातं. जीबीएचसी (लिंडेन) हे खरजेवरचं जुनं लोशन लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि फिट येणारे रुग्ण यांना लावू नये, ते मज्जासंस्थेला बाधतं.

मध्य आफ्रिकेत राहून आलेल्या व्यक्तीबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे लोआ लोआ नावाचा कृमी आढळतो. रक्तात त्याची पिल्लं खूप असली तर आयव्हरमेक्टिनने ती एकदम मरून मेंदूला गंभीर सूज येऊ शकते. तिकडे नोकरीला जाऊन परतलेल्यांना गोळीच्या आधी हा प्रश्न विचारा आणि रक्त तपासून घ्या.

मात्रेचं गणित

एका किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वजन गुणिले ०.२ बरोबर मिलिग्रॅम. आपल्याकडे ३, ६ आणि १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्यामुळे व्यवहारात असं बसतं:

१५ ते २४ किलो: ३ मिलिग्रॅम
२५ ते ३५ किलो: ६
३६ ते ५० किलो: ९
५१ ते ६५ किलो: १२
६६ ते ७९ किलो: १५
८० किलो आणि पुढे: गणित करून, ९० किलोला १८

म्हणजे ‘मोठ्या माणसाला बारा’ हा हिशेब ६५ किलोपर्यंतच बरोबर. ८५ किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम दिले तर त्याला पाऊण मात्रासुद्धा मिळत नाही. वजन विचारू नका, काट्यावर उभं करा. आश्रमशाळेतल्या मुलांची वजनं जूनमध्ये रजिस्टरवर चढतात आणि गोळ्या डिसेंबरमध्ये दिल्या जातात, तोवर मुलं वाढलेली असतात.

आणखी एक सापळा जोडगोळीचा. ६ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन आणि ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल (पोटातल्या जंतांचं औषध) एकाच गोळीत मिळतात. खरजेला अल्बेंडाझोलचा काही उपयोग नाही आणि ६ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन मोठ्या माणसाला पुरत नाही. ‘मग दोन देऊ’ म्हटलं की आयव्हरमेक्टिन बरोबर बसतं, पण अल्बेंडाझोलची मात्रा विनाकारण दुप्पट होते. खरजेसाठी साधी, एकट्या आयव्हरमेक्टिनची गोळीच लिहा.

रिकाम्यापोटी की जेवून? चरबी असलेल्या जेवणासोबत हे औषध सुमारे अडीच पट जास्त शोषलं जातं. खरजेत औषध कातडीपर्यंत पोचायला हवं, म्हणून जेवल्यावर द्यावं. स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या कृमीसाठी हीच गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत देण्याची रीत आहे. दोन्ही सूचना ऐकून लोक गोंधळतात, म्हणून चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ असं स्पष्ट लिहावं.

एकाच दिवशी, सगळ्यांनी

शुक्रवार-शनिवार निवडला तर शाळा आणि कामधंदा आडवा येत नाही. त्या दिवशी करायचं ते असं:

आधी यादी. एका छपराखाली झोपणारे सगळे, शिवाय रोज बाळाला घेणारी आजी, मुक्कामाला येणारा मामा, घरी राहणारी कामवाली. खाज असो वा नसो. यादीत प्रत्येकापुढे वजन, गोळी की मलम, आणि दोन तारखा.

रात्री जेवणानंतर गोळ्या समोर खायला लावा. खिशात घालून नेलेली गोळी खाल्ली गेली असं धरू नका. मलमवाल्यांनी त्याच रात्री मलम लावायचं. अंग कोरडं आणि थंड असू द्या, गरम पाण्याची अंघोळ करून लगेच नको. मानेपासून तळपायापर्यंत कातडीचा एकही चट्टा सुटता कामा नये: नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, कुल्ल्यांच्या घडीत, जननेंद्रियांवर. लहान बाळ आणि वृद्ध यांच्या डोक्याला आणि चेहऱ्यालाही, डोळे-तोंड सोडून. मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम लागतं. दहा ग्रॅममध्ये भागवलं तर औषध नव्हे, लावणं अपुरं पडलं. ८ ते १४ तासांनी धुवायचं. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. सकाळी भांडी घासणाऱ्या बाईचे हात नेमके इथेच उपचारातून सुटतात.

सकाळी कपडे. मागच्या ३ दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, अभ्रे, टॉवेल कढत पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा, इस्त्री असेल तर फिरवा. गोधड्या आणि लोकरी कपडे धुता येत नाहीत, ते प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. माणसाच्या अंगावेगळा किडा २-३ दिवसांत मरतो. गाद्यांवर ढेकणाचं औषध फवारायची काही गरज नाही, त्या वासाने दम्याचा त्रास मात्र नक्की वाढेल.

सातव्या ते चौदाव्या दिवसांत हे सगळं पुन्हा, त्याच यादीने. सातवा दिवस ठरवावा, म्हणजे कोणी गावाला गेलं तरी हाताशी आठवडा उरतो.

वसतिगृहात गृहपालांनी खोल्या वाटून आठवडाभर हा कार्यक्रम चालवला तर तो हमखास फसतो, कारण झालेली खोली न झालेल्या खोलीसोबत जेवते, खेळते. सगळी मुलं आणि तिथेच राहणारे कर्मचारी, एकच रात्र. सामूहिक उपचार किती परिणामकारक असतो हे फिजीमधल्या बेटांवरच्या चाचणीत दिसलं. सगळ्यांना आयव्हरमेक्टिन दिलेल्या गटात वर्षभराने खरूज ९४ टक्क्यांनी घटली, सगळ्यांना पर्मेथ्रिन दिलेल्या गटात ६२, आणि फक्त रुग्णांना व त्यांच्या संपर्कातल्यांना उपचार दिले तिथे ४९ टक्क्यांनी. गोळी मलमापेक्षा फार जालीम आहे असा याचा अर्थ नाही. एकेका रुग्णात दोन्ही जवळपास सारखीच चालतात. पण गोळी समोर खाऊ घालता येते, मलम समोर लावता येत नाही.

नंतरची खाज

उपचारानंतर पहिले दोन-तीन दिवस खाज वाढू शकते. मेलेले किडे आणि त्यांची विष्ठा कातडीतच असते आणि खाज येते ती त्यांच्या वावड्यामुळे. कातडीचा वरचा थर झडेपर्यंत, म्हणजे २ ते ४ आठवडे, ती रेंगाळते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण रोज मलम लावत बसतो आणि त्या मलमानेच कातडी भाजून नवी खाज सुरू होते. या काळात सेटिरिझिनसारखी गोळी आणि साधं खोबरेल तेल पुरतं. जांघेतल्या गाठी महिनोन्महिने टिकतात, त्यांच्यासाठी पुन्हा किडे मारायचं औषध देऊ नका.

चार आठवड्यांनंतर नवे बोगदे दिसले तर उपचार फसला असं समजावं. मग या क्रमाने शोध घ्या: दुसरी मात्रा झाली का, वजन केलं होतं का, घरातलं कोण सुटलं, निदान बरोबर होतं का. औषधाला न जुमानणारे किडे ही शंका सगळ्यात शेवटी. उत्तर ऑस्ट्रेलियात जाड खपल्यांच्या खरजेत पुन:पुन्हा आयव्हरमेक्टिन घेतलेल्या रुग्णांत तसं घडलेलं आहे, पण घरगुती खरजेत सुटलेला मामाच जास्त वेळा सापडतो.

जाड खपल्यांची खरूज

साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर जेमतेम १०-१५ किडे असतात. एचआयव्ही, कुष्ठरोग, दीर्घकाळ स्टेरॉइड, डाउन सिंड्रोम किंवा अंथरुणाला खिळलेलं म्हातारपण असताना ते हजारो-लाखो होऊ शकतात. हातापायांवर राखाडी, जाड, भेगाळलेल्या खपल्या येतात आणि खाज नसतेच म्हटलं तरी चालेल. वॉर्डात हा रुग्ण ‘सोरायसिस’ म्हणून पडून असतो आणि आधी परिचारिकांचे हात खाजायला लागतात.

इथे दोन मात्रा पुरत नाहीत. १ ला, २ रा आणि ८ वा दिवस. प्रमाण जास्त असेल तर ९ वा आणि १५ वाही. अतितीव्र असेल तर पुढे २२ वा आणि २९ वा. सोबत पर्मेथ्रिन आठवडाभर रोज, नंतर आठवड्यातून दोनदा, आणि खपल्या मऊ करायला युरिया किंवा सॅलिसिलिक अॅसिडचं मलम. खपल्या राहिल्या तर औषध आत पोचत नाही. रुग्ण वेगळ्या खोलीत, हाताळताना हातमोजे. हे त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचं काम आहे.

हत्तीरोगाच्या मोहिमेत हीच गोळी

विदर्भातल्या वाचकांना आयव्हरमेक्टिन वेगळ्या वाटेने माहीत असेल. डीईसी (डायइथाइलकार्बामाझिन, हत्तीरोगाच्या कृमीवरचं जुनं औषध) आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला ही तिसरी गोळी देण्याची सुरुवात भारतात डिसेंबर २०१८ मध्ये बिहारमधल्या अरवलला झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात. मोहिमेत काट्याऐवजी उंचीची पट्टी वापरतात: ९० ते ११९ सेंटिमीटरला ३ मिलिग्रॅमची एक गोळी, १२० ते १४० ला दोन, १४१ ते १५८ ला तीन, त्यापुढे चार. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, पहिल्या आठवड्यातल्या बाळंतिणी आणि गंभीर आजारी यांना ही गोळी नाही. उपाशीपोटी घ्यायची नाही.

गोळ्यांनंतर दुसऱ्या दिवशी काहींना ताप, डोकेदुखी, अंगदुखी, चक्कर येते. ज्यांच्या रक्तात हत्तीरोगाच्या कृमीची पिल्लं असतात त्यांना जास्त, कारण ती मरत असतात. पॅरासिटामॉल आणि विश्रांतीवर हे एक-दोन दिवसांत ओसरतं. आशाताईंनी हे गोळी देतानाच सांगितलं तर पुढच्या वर्षी दार बंद होत नाही. अशा गावात खरजेचा रुग्ण आला तर मोहिमेतली तारीख विचारा. चौदा दिवस उलटले नसतील तर ती एक मात्रा धरली जाऊ शकते, दुसरी मात्र राहिलेलीच असते.

सोबतची औषधं आणि त्रास

नेहमीच्या मात्रेत मळमळ, जुलाब, चक्कर, पेंग असे किरकोळ त्रास होतात. रात्री गोळी देण्याचा हाही फायदा, दुचाकी चालवायची वेळ येत नाही. अंगभर लाल चट्टे, तोंडात फोड, कातडी सोलणं असं दिसलं तर दुसरी मात्रा देऊ नका आणि रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा.

आपल्याकडे एक जोडी वारंवार जमते. गजकर्णासाठी महिनोन्महिने इट्राकोनाझोल चालू असतं आणि त्यातच खरूज लागते. इट्राकोनाझोल, कीटोकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, रिटोनाविर, सायक्लोस्पोरिन, वेरापामिल ही औषधं यकृतातली विल्हेवाट किंवा मेंदूच्या सीमेवरचा तो पंप अडवू शकतात आणि आयव्हरमेक्टिनची पातळी वाढवू शकतात. असा रुग्ण असेल तर पर्मेथ्रिन निवडणं सोपं आणि निर्धोक. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप) दोन्ही मात्रांनंतर तपासा. दोन्ही दिवशी दारू टाळावी. यकृताचा मोठा आजार असेल तर आधी तज्ज्ञांना विचारा. मूत्रपिंडाच्या आजारात मात्रा कमी करावी लागत नाही.

गोठ्यातली बाटली आणि विषबाधा

गुरांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या १ टक्का इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असतं. म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाच्या मात्रेच्या चौपटीहून जास्त. शिवाय त्यातले द्रावक माणसासाठी तपासलेले नसतात. हे पिऊ नये, टोचू नये, तेलात कालवून अंगालाही चोळू नये. खरजेच्या जनावराला किंवा कुत्र्याला हाताळून आलेली खाज आपोआप थांबते. जनावरांचे किडे माणसाच्या कातडीत पिढी वाढवू शकत नाहीत, उपचार जनावरावर करायचा.

कोविडच्या काळात ही गोळी घरोघरी पोचली. मे २०२१ मध्ये गोव्यात अठरा वर्षांवरील सगळ्यांना ती देण्याची घोषणा झाली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून ती वगळली गेली. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत कोविडमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण तिने कमी झालं नाही. त्या वेळची पाकिटं अजून कपाटात असतात. त्यांची मुदत बघा आणि संपली असेल तर मेडिकलवाल्याला परत द्या.

जास्त मात्रा गेली तर आधी झोपाळूपणा, झोक जाणं, उलट्या, धूसर दिसणं, मग हात थरथरणं, बरळणं, फिट आणि बेशुद्धी. यावर उतारा देणारं औषध नाही, श्वास आणि रक्तदाब सांभाळत औषध शरीरातून जाईपर्यंत रुग्णाला जपावं लागतं. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, पेंगणाऱ्याच्या फुप्फुसात ती जाते. १०८ ला फोन करा, रुग्णाला कुशीवर झोपवा, आणि रिकामं पाकीट किंवा गोठ्यातली बाटली सोबत घ्या. किती घेतलं आणि किती वाजता, हे कागदावर लिहून द्या, कारण रुग्णालयात पोचेपर्यंत रुग्ण स्वतः सांगू शकेलच असं नाही.